एकाच बापाचे तिघे

१८ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी आंघोळीच्या आधी मी मिशीला काळा रंग लावला. आयुष्यात पहिल्यांदा. लेकीनं, प्रियंकानं, पुडी कालवून दिली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं मीच लावला. डोक्याचे केस तसेच राहिले, कारण पुडी मिशीतच संपली. बायकोनं, प्रभावतीनं, पाहिलं आणि म्हणाली, "मिशी तरनी झाली. बाकी मानूस काल होता तोच हाय."

रंग लावायचं कारण फोटो. यवतमाळच्या कन्सल्टन्सीला फोटो पाहिजे होता आणि त्यात मी ताजातवाना दिसायला पाहिजे होतो. दहाच्या एसटीनं गेलो. बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर त्यांची खोली आहे. कपिल नावाचा पंचविशीचा मुलगा ती चालवतो. मी पाठपोट लिहून नेलेला बायोडाटा त्यानं चार ओळी वाचला आणि म्हणाला, "काका, वय चव्वेचाळीस टाकतो."

"माझं एकोणपन्नास आहे."

"ते तुमच्याजवळ राहू द्या."

बियाण्याच्या कंपनीनं दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी होती. आजपासून लिहितो. बावीस हंगाम मी जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनचे चामड्याचे रोलर घासणं, त्यांना खाचा पाडणं, सुरी बसवणं हे माझं काम. उन्हाळ्यात शेठनं सगळ्या मशीन तेलंगणात विकल्या. ट्रकमध्ये चढवायलाही मीच होतो, कारण त्या कुठं धरून उचलायच्या ते मलाच माहीत होतं.

जूनपासून काम शोधतो आहे. आमच्या विहाराच्या पायरीवरून एक पांढरी पाण्याची टाकी दिसते. ते जिनिंग यंदा बाहेरच्या कंपनीनं घेतलं. जुलैत तिथं गेलो होतो. गेटवरच्या चौकीदारानं सांगितलं, "भरती पुन्याहून होते, इथं इचारू नका." म्हणून मग विचारलं नाही.

वर्षावास सुरू आहे. संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचं काम यंदा माझ्याकडे आहे. आज पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसला. शेजारच्यांना वाटलं खोकला. कोणीतरी लवंग दिली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. गल्लीत लेकरं लाकडाचे बैल घेऊन फिरत होती. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. मुलीचं नाव सलोनी. प्रियंकानं माझी माहिती मोबाइलवर कुठंतरी टाकली होती, ती तिला सापडली. ही कपिलची नाही, वेगळी कन्सल्टन्सी.

"सर, जेवण झालं का?"

मी झालं म्हणालो. झालं नव्हतं. हे लिहून ठेवतो.

तिच्याकडे एक जागा आहे. कंपनीचं नाव सांगता येत नाही, गोपनीय आहे. मध्य भारतातला नामांकित उद्योगसमूह आहे, एवढंच सांगितलं. मग विचारलं, "सर, ग्रामीण भागात राहावं लागेल. जुळवून घ्याल का?"

मी म्हणालो, "मी जन्मापासून तिथंच आहे."

"म्हणजे तुम्ही ॲडजस्ट करणारे आहात," ती म्हणाली. काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

बावीस वर्षांचा अनुभव फार होतो, कंपनी बिचकते, असं ती म्हणाली. बारा लिहिणार आहे. बारा लिहिलं की वयही खाली आणावं लागतं. ते एक्केचाळीसवर थांबलं.

शेवटी तिनं विचारलं, "मग आमच्यामार्फतच पाठवू ना सर?" कपिलनंही हेच विचारलं होतं आणि त्याला मी हो म्हणालो होतो. पण जेवलो का म्हणून विचारणाऱ्या लेकीच्या वयाच्या मुलीला नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो.

प्रभावती ऐकत होती. "कुठं हाय म्हनते नौकरी?"

"मध्य भारतात."

"म्हंजे रायपूर का काय? मायले कोन पाहीन मंग?"

मी म्हणालो, पाहू. तिनं कुंकवाचा डबा उगाच पुसला. घर सोडायची गोष्ट निघाली की ती काहीतरी पुसते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नागपूरच्या एका साहेबांचा फोन. तिसरी कन्सल्टन्सी. त्यांच्या मते जागा वरिष्ठ माणसाची आहे, म्हणून त्यांनी मला तीस वर्षांचा अनुभव आणि बावन्न वर्षं वय दिलं. त्यांनाही हो म्हणालो. ते फार कामात होते.

आठवडाभरात मी आठ वर्षं लहान झालो आणि तीन वर्षं मोठा. ओळख सांगणारा माणूस म्हणून तिघांनाही इकबालभाईचा नंबर दिला. राळेगावात त्याचं लेथचं दुकान आहे, वीस वर्षं आमचे शाफ्ट त्यानंच केले.

३० ऑगस्ट, शनिवार

वयाची गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून मायला विचारलं. ती बाजेवर बसून लसूण सोलत होती.

"माय, मी कोणत्या साली झालो?"

"साल कोनं पाह्यलं? पऱ्हाटी फुलावर होती."

"पण दाखल्यावर एक जुलै आहे."

"मंग गुरुजीले इचार. त्याइनंच लिवलं."

गुरुजींना जाऊन पंधरा वर्षं झाली. आमच्या वर्गात एकतीस मुलं होतो, त्यातले सव्वीस एक जुलैला जन्मलेले. गुरुजी दात पाहायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहायचे आणि साल लिहायचे. एक जुलैला पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फूल नसतं, तेव्हा कुठं बी डोबून होते.

म्हणजे कपिलशी मी ज्या एकोणपन्नाससाठी भांडलो, ते गुरुजींचं आहे. तेही अंदाजानं. तरी ते खरं धरून चाललो इतकी वर्षं, आणि चव्वेचाळीस मात्र घशाखाली जात नाही. याचं कारण काय असावं यावर बराच वेळ विचार केला. गुरुजींना माझ्याकडून काही नको होतं, एवढंच सापडलं.

नाव मात्र माझं अंदाजाचं नाही. माझ्या आधीचे दोघे राहिले नाहीत. म्हणून मी झाल्याबरोबर सुईणीनं मला उकिरड्यावर ठेवलं, टाकून दिलेलं पोर म्हणून उचललं, आणि मायनं सूपभर ज्वारी देऊन मला परत घेतलं. टाकलेल्याकडे कोणी वाईट नजरेनं पाहत नाही म्हणत. त्यावरून उकंडा. आमच्या लोकांनी हे सगळं छप्पन सालीच सोडलं होतं. पण दोन लेकरं गेलेल्या बाईला ते कोण सांगणार?

९ सप्टेंबर, मंगळवार

सलोनीनं फोनवर मुलाखतीचा सराव घेतला.

"सर, तुमची एखादी कमजोरी सांगा."

विचार करून सांगितलं, "मला नाही म्हणता येत नाही."

"व्वा सर. हेच सांगायचं."

प्रभावती मजुरीनं शेतात निंदणाला जाते आहे. गुडघा सुजला की हळद लावते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. प्रियंकाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. दिवाळीपर्यंत मी कामाला लागलो नाही तर फीपायी तिला वर्षभर घरी बसावं लागेल. हे कोणी बोलत नाही. प्रियंका तर अजिबात नाही. ती पुस्तकं मात्र आता लायब्ररीतूनच आणते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

इकबालभाईच्या दुकानावर गेलो. मला पाहून त्यानं लेथ बंद केलं. तो लेथ बंद करतो तेव्हा गोष्ट मोठी असते.

"या भाऊ. तुमी एकटेच आले? बाकीचे दोघं कुठं हायेत?"

"कोण दोघं?"

मग त्यानं सांगितलं. मंगळवारी पुण्याहून कंपनीच्या हापिसातल्या बाईचा फोन आला. उकंडा थूल कसा माणूस आहे, वय चव्वेचाळीस. यानं भरपूर तारीफ केली. अर्ध्या तासानं तीच बाई. उकंडा थूल कसा आहे, वय एक्केचाळीस. यानं परत केली. तिसऱ्यांदा परत तीच, वय बावन्न.

"म्या म्हनलं म्याडम, आता किती येळा सांगू? तर ते मलेच इचारते, या तिघात चांगला कोन हाय? आपल्याले आली हसी. म्या म्हनलं, म्याडम, तिन्ही सारखेच. तिघंही एकाच बापाचे हायेत."

"मग?"

"मंग थँक्यू म्हनली. बडी शरीफ बाई होती." आणि तो मांडीवर हात मारून हसला. शेजारच्या दुकानातून सईदाभाभी काय झालं म्हणून डोकावल्या, तर त्यांना परत पहिल्यापासून सांगितलं.

मी विचारलं, कंपनी कोणती, काही बोलली का? इकबालभाईनं माझ्याकडे पाहिलं. "कोनती म्हंजे? अरे भाऊ, ते टाकीवालं जिनिंग! तुमच्या गावाहून दिसते ते!"

परत येताना विहाराच्या पायरीवर बसलो. मध्य भारतातला नामांकित उद्योगसमूह समोर होता. टाकीवर ऊन पडलं होतं. प्रभावतीला सांगितलं की रायपूरला जायचं नाही, सायकलनं जाता येईल. ती इतकी हसली, तितकी मिशीचं हसू झालं तेव्हाही हसली नव्हती.

आज सगळे खूश आहेत. मीही.

२४ सप्टेंबर, बुधवार

तीन मेसेज आले, तीन ठिकाणांहून. मजकूर एकच. एकाच कुटुंबातल्या एकाहून अधिक व्यक्तींनी एका जागेसाठी अर्ज केल्यास कंपनीच्या धोरणानुसार कोणाचाच विचार होत नाही. श्री. थूल यांच्या दोन्ही बंधूंनाही तसं कळवण्यात आलं आहे.

इकबालभाईला फोन केला. फोनमधून लेथ बंद झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मले माफ करा भाऊ. मजाक केलता."

मी म्हणालो, तुझी चूक नाही. हो तर मीच तीनदा म्हणालो.

२९ सप्टेंबर, सोमवार

कपिलनं बोलावलं. त्यानं रस्ता काढला आहे. तीन कन्सल्टन्सींनी एकच माणूस पाठवला असं कंपनीला कळलं तर तिघांचीही नावं यादीतून जातील, म्हणून खरं सांगायचं नाही. भाऊ आहेत तर भाऊ राहू द्यायचे. फक्त ते आता नाहीत असं लिहून द्यायचं.

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे वारले काका. प्रतिज्ञापत्र करू. मग एकच उमेदवार उरतो, तुम्ही. चव्वेचाळीसवाले."

मी म्हणालो, हे पाहा, माझे दोन भाऊ खरोखरच वारले आहेत. माझ्या जन्माच्या आधी.

कपिल खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा इतका उजळला की मलाही क्षणभर बरं वाटलं. "मग प्रश्नच मिटला ना काका! खोटं काहीच नाही यात!"

स्टॅम्प पेपर त्यानं तयारच ठेवला होता. 'माझे दोन्ही भाऊ हयात नाहीत.' खाली सहीची जागा. मी घरी वाचून सही करतो म्हणालो.

प्रभावतीनं वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, "खरंच तर हाय. सही करा."

"खरं आहे, पण ते समजणार दुसरंच."

"समजनाऱ्याचं पाप समजनाऱ्याले." मग म्हणाली, "माह्या गुडघ्यानं आता वाकनं होत नाही, प्रियंकाचे बाबा."

ती असं कधी म्हणत नाही. कागद डायरीत ठेवला. प्रत्येक शब्द खरा असलेला खोटा कागद मी पहिल्यांदा पाहतो आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. अर्धं गाव नागपूरला गेलं. मी राहिलो, मायला सोडून जाता येत नाही. पांढरे कपडे घालून विहारात बसलो. माणसं थोडी होती. सही केलेली नाही. न केलेलीही नाही, असं वाटतं, कारण पेन खिशात घेऊन फिरतो आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अश्विन पौर्णिमा. ग्रंथ आज संपला. विहारात खीर होती, मायसाठी वाटीत आणली. ती खात असताना विचारलं, माझ्या आधीच्या दोघांची नावं काय होती?

तिनं चमचा वाटीत ठेवला. "मोठ्याचं धम्मपाल. आठ मह्यन्याचा होता. दुसऱ्याचं ठेवाचंच राह्यलं." मग म्हणाली, "आज काहून इचारतं?"

"एका कागदावर लिहायचं आहे. नोकरीच्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण पाहते तेव्हा सगळं दिसतं.

"आता त्याइले कामाले लावतं का, बाप्पा?"

रागानं म्हणाली नाही. खीर संपवली, वाटी मला दिली.

धम्मपाल जगला असता तर आज मला बावन्न वर्षांचा भाऊ असता. नागपूरच्या साहेबांनी केला तसा. इतकी वर्षं हे माझ्या मनात आलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज चौदा ऑक्टोबर, छप्पन सालच्या दीक्षेची तारीख. सकाळी त्रिशरण म्हणून तीन फोन केले.

कपिल म्हणाला, "काका, झालेलं काम तुम्ही घालवून राह्यले." मी नाही म्हणालो. स्टॅम्प पेपर तसाच बिनसहीचा परत पाठवतो म्हणालो. नागपूरच्या साहेबांनी विचारलं, "कोण थूल?" त्यामुळे तिथं सोपं गेलं. सलोनीनं विचारलं, "सर, जेवण झालं का?"

"नाही झालं. आणि तुमच्यामार्फत अर्ज नको, हे सांगायला फोन केला."

काहीतरी खोडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ऑल द बेस्ट सर. त्या जागेसाठी तुमच्या ओळखीत दुसरा कोणी फिटर आहे का?"

मग सायकल काढली. चौकीदारानं तेच सांगितलं, भरती पुन्याहून होते. मी म्हणालो, मी भरतीसाठी आलो नाही, एक गोष्ट सांगायला आलो आहे. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आत सोडलं.

मॅनेजर हरिसिंग राठोड शेडमध्ये होते. यंदाचा पहिला कापूस आलेला, मशीन चालवून पाहणं सुरू होतं. चार नंबरच्या मशीनजवळ जळक्या चामड्याचा वास येत होता. तो मला गेटपासूनच आला होता, पण आधी सांगायचं ते सांगितलं. तीन कन्सल्टन्सी, तीन वयं, इकबालभाई, एकच बाप. भाऊ दोन होते, लहानपणीच गेले, त्यांनी अर्ज केलेला नाही. उमेदवार एकच आहे आणि तो हा.

हरिसिंगनी सगळं ऐकलं. "म्हंजे ते तिघं तुमीच? मी इथं महिनाभर फिटर नाही म्हनून बोंबलून राह्यलो अन् तुमी आठ किलोमीटरवर होते?"

"सात."

"आता मी काय करू भाऊ? फिटर पुन्याहून येते. मले फक्त हमाल ठेवता येते, रोजंदारीवर."

दोघंही चार नंबरकडे पाहत होतो. वास वाढला होता. मी म्हणालो, सुरी रोलरवर जास्त दाबून बसली आहे, बंद करा, नाहीतर दुपारपर्यंत आग लागेल. त्यांनी हात केला, मशीन थांबली.

"असं करा," हरिसिंग म्हणाले, "मस्टरवर हमाल लिवतो. तुमी मशिनी पाहा. मीच पुन्याले लिवतो, एकच मानूस हाय म्हनून. कवा जवाब येईन ते सांगता येत नाही."

मी म्हणालो, "मस्टरवर हमाल असेल तर मला आधी हमाली करावी लागेल."

"काहून?"

"मग लिहिलेलं खरं होईल."

त्यांनी कपाळाला हात लावला. प्रेसजवळ नव्या रुईच्या दोन गाठी बांधून पडल्या होत्या. त्या एकेक करून गोदामाच्या दारापर्यंत ढकलत नेल्या. दुसरीला वेळ लागला. हमाल बाजूला उभे राहून पाहत होते. बाबूसिंग नावाचा एक जण म्हणाला, "बुवाले नवस हाय का काही?" मी मान हलवली. हरिसिंगनी घड्याळ पाहिलं.

मग मस्टर समोर आलं. नाव, बापाचं नाव, काम. कामासमोर हमाल लिहिलं, शर्टाला रुई चिकटलेली होती. पुढचा रकाना छापलेला होता, 'अंदाजे वय'. जूनपासून इतके कागद भरले, त्यातला हा पहिला, ज्यानं विचारलं तेच मला माहीत होतं. पन्नास लिहिलं, सही केली, आणि पाना मागून घेतला.